एकट्याचें साहस आणि घरचा निरोप

‘एकटाच जातों’ हे शब्द ज्या घरांत कधीं ऐकूं आले नाहींत असें घर आज विरळाच. कोणी एकट्यानें सह्याद्रीचे गड हिंडूं म्हणतो, कोणी दुचाकीवरून हिमालयाकडे निघतो, आणि आतां मुलीहि हेंच म्हणूं लागल्या आहेत. आजी देवापुढें निरांजन लावून बसते, आई गप्प होते, आणि वडील ‘हा काय अविचार!’ म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालतात. एकत्र कुटुंबांत एकाचा जीव धोक्यांत पडला म्हणजे दहांची झोप उडते. तेव्हां वडीलधाऱ्यांची ही भीति हास्यास्पद मानणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु नुसत्या भीतीनें प्रश्न सुटत नाहीं. साहस कोणतें व अविचार कोणता हें ओळखण्याची कांहीं खूण आहे काय, याचा येथें थोडा विचार करूं.

‘साहस’ हा शब्दच मोठा मौजेचा आहे. ‘सहस्’ म्हणजे बळ, त्यापासून तो आला. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत साहस हें एक असून तेथें त्याचा अर्थ बळजोरीनें केलेला अपराध असा आहे. ‘सहसा’ म्हणजे मागचापुढचा विचार न करतां, हा अर्थहि त्याच कुळांतला. आज आपण तोच शब्द गौरवानें वापरतों. निंदेचा शब्द स्तुतीचा झाला खरा. तथापि जुना अर्थ त्याच्या पोटांत अजून आहे.

हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणीं पाहावयाचे असल्यास पुण्याहून सुमारें वीस किलोमीटरांवरील खडकवासल्यास जावें. मुठा नदीवरील येथील धरणाचें काम १८६९ सालीं सुरू होऊन १८७९ सालीं पुरें झालें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि फुटलें आणि पुण्यांत हाहाकार उडाला, हें जुन्या पिढीस सांगावयास नको. येथील पाणी दिसतें तितकें गरीब नाहीं.

याच तलावाच्या कांठीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. पंडित नेहरूंनीं ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं तिची कोनशिला बसविली. तिच्या हद्दींतील ‘पीकॉक बे’ येथें छात्रांस शिडाची नाव हांकण्याचें शिक्षण मिळतें. वारा कोठून येतो, नाव कलली तर काय करावें, हें तेथें जाणत्यांच्या नजरेखालीं शिकावें लागतें. आणि त्याच तलावाच्या दुसऱ्या कांठीं सुटीच्या दिवशीं लोकांची झुंबड उडते. कणसें आणि भजीं खाण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु तेथेंच धड पोहतां न येणारे तरुण मित्रांच्या भरीस पडून पाण्यांत उतरतात. कांठाशीं गुडघाभर असलेलें पाणी दोन पावलांवर पुरुषभर होतें, पाय गाळांत रुततो, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत बातमी येते. नवल हें कीं असा बुडणारा बहुधा एकटा नसतो, मित्रांच्या घोळक्यांत असतो. त्याचें धाडस स्वतःचें नसून चारचौघांकडून उसनें घेतलेलें असतें.

आतां खरोखर एकट्यानें केलेलें साहस पाहूं. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे. मूळ कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. एप्रिल २००६ मध्यें दोंदे यांनीं हें काम अंगावर घेतलें, तेव्हां नौकासुद्धां नव्हती. ते इंग्लंडांत सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकले. हे गृहस्थ १९६८-६९ सालीं कोठेंहि न थांबतां एकट्यानें जगाची फेरी पुरी करणारे पहिले. आणि त्यांची ‘सुहेली’ नौका मुंबईस बांधलेली होती, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. पुढें गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. दोंदे सोबत्यासह तींतून मॉरिशसला गेले व परततांना एकटे आले. मग १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघून, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन या चारच बंदरांत थांबून, १९ मे २०१० रोजीं ते मुंबईस परत आले.

वाचकांनीं हा हिशेब अवश्य मांडावा. प्रवास नऊ महिन्यांचा, आणि त्याची तयारी तीन वर्षें चार महिन्यांची! समुद्रावर एकट्या माणसास सलग झोप मिळत नाहीं. थोडें डोळे मिटावे, उठून क्षितिज पाहावें, पुन्हां पडावें, असा क्रम असतो. असा मनुष्य क्षणाच्या लहरीवर निघत नाहीं.

तयारी केली म्हणजे संकट येत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. त्याच ‘म्हादेई’तून २०१२-१३ सालीं कमांडर अभिलाष टॉमी यांनीं कोठेंहि न थांबतां प्रदक्षिणा केली. पुढें एका जागतिक शर्यतींत, २१ सप्टेंबर २०१८ रोजीं, दक्षिण हिंदी महासागरांतील वादळानें त्यांची नौका उलटविली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. संकटाचा निरोप धाडण्याचें साधन हाताशीं होतें, म्हणून तिसऱ्या दिवशीं एका फ्रेंच नौकेनें त्यांची सुटका केली. २०२३ सालीं त्याच शर्यतींत ते दुसरे आले!

आणि कांहीं जणांचा प्रवास सफळ होऊनहि आयुष्य पुरें पडत नाहीं. समुद्रयान कलिवर्ज्यांत गणलें जात असतां, ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई जोशी, घरचें कोणीहि सोबत नसतां, कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. वय अवघें अठरा. निघण्यापूर्वीं श्रीरामपुरास भरसभेंत ‘एकटीच कां जाते?’ हा लोकांच्या ओठावरचा प्रश्न त्यांनीं स्वतःच पुढें घेऊन त्याचें उत्तर दिलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास निवर्तल्या. हा मोल देण्याचा भाग घरच्यांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं घरांत कोणी ‘एकटाच जातों’ म्हणाला तर त्यास रागें भरूं नये, तीन प्रश्न विचारावे. तयारी किती दिवस केलीस? संकट आलें तर काय करशील, आणि आम्हांस कसें कळेल? पुढें जाण्यांत अर्थ नाहीं असें दिसलें तर माघारी फिरशील काय? ज्याच्यापाशीं उत्तरें आहेत त्याचें साहस. ज्याच्यापाशीं नाहींत त्याचा अविचार. मुलीसहि हेच तीन प्रश्न विचारावे, चौथा जोडूं नये. ३० मे २०२५ रोजीं खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, शिक्षण पुरें करून बाहेर पडली आहे.

चौथा प्रश्न वडीलधाऱ्यांनीं आपल्या मनास विचारावा: आपण मुलास अडवितों तें त्याच्या तयारींत उणें दिसतें म्हणून, कीं आपली झोप मोडूं नये म्हणून? नुसत्या बंदीनें पाय थांबत नाहींत. मुलगा न सांगतां जातो, आणि न सांगतां गेलेल्याचा शोध कोठें घ्यावा हेंहि घरास ठाऊक नसतें. त्यापेक्षां लहानपणींच पोहणें शिकवावें, थोडा मोठा झाल्यावर सिंहगडास एकट्यास धाडावें, आणि कोणत्या वाटेनें जाऊन किती वाजतां परतणार हें सांगून जाण्याची संवय लावावी. ज्यास घरीं सांगून जातां येतें, त्यास अडचणींत घरीं हांक मारतांहि येते.