बंद होण्याआधी विचारणारी खिडकी

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्याच्या बातम्यांत एक ओळ हमखास असते: गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले. वैनगंगेचे पाणी सोडण्यापूर्वी काठच्या गावांना इशारा दिला जातो, मगच दरवाजे टप्प्याटप्प्याने हलतात. पवनी तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात ऑपरेटर खिडकी बंद करायला ऑल्ट आणि एफ-4 दाबतो, तेव्हा पडद्यामागे असाच शिस्तीचा क्रम चालतो.

खिडकी तडकाफडकी मिटत नाही. विंडोज त्या प्रोग्रामला बंद होण्याचा निरोप धाडते; पुढचे प्रोग्राम ठरवतो. मजकूर सेव्ह केलेला नसेल तर तो आधी विचारतो, आणि ‘रद्द करा’ म्हटले की जागेवर थांबतो. टास्क मॅनेजरमधून जबरदस्तीने संपवलेल्या प्रोग्रामला ही संधी मिळत नाही.

ऑल्ट-एफ-4 ची जोडी रूढ झाली ती आयबीएमच्या ‘कॉमन यूजर अॅक्सेस’ या नियमावलीमुळे. ती 1987 सालची. तोवर जो तो प्रोग्राम आपापल्या कळा ठरवायचा, एक शिकलेला माणूस दुसऱ्यापुढे नवखाच. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट जुळवणाऱ्या डेव्हिड ब्रॅडलींचे नाव जगभर झाले. ते व्हायलाच हवे होते: चुकून एका हाताने दाबली जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्यातली शेवटची कळ मुद्दाम लांबची निवडली. पण सगळ्या प्रोग्रामना एका वळणावर आणणाऱ्या त्या नियमावलीचे नाव फारसे कुणी घेत नाही, हे खटकते.

ब्राउझरमध्ये मात्र सावध राहावे लागते. तिथे टॅब बंद करायला कंट्रोल-डब्ल्यू, आणि सेव्हसाठीचा एस बरोबर डब्ल्यूच्या खाली. बोट जरा वर सरकले की भरत आणलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज गायब. वेबसाइट बनवणाऱ्याने ‘पान सोडायचे का?’ ही विचारणा बसवली असेल तरच ब्राउझर अडवतो. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबल्यावर पान परत येते, भरलेले रकाने बहुतेकदा येत नाहीत. रांगेत उभ्या शेतकऱ्याचा अर्धा तास वाचवणारी ही विचारणा प्रत्येक सरकारी पोर्टलवर सक्तीची असायला हवी.

मराठीत टंकणाऱ्यांना एक प्रश्न पडतो. इनस्क्रिप्ट मांडणीत डब्ल्यूच्या कळीवर ऐकाराची मात्रा उमटते. मग कंट्रोल-डब्ल्यूचे काय? विंडोजमध्ये मराठी मांडणीतही त्या कळीची मूळ ओळख डब्ल्यूचीच राहते, त्यामुळे टॅब बिनबोभाट बंद होतो. एफ-4 ला तर लिपीच नाही. ती मराठीत, रशियनमध्ये, जपानीत सारखीच चालते. अनेक लॅपटॉपवर मात्र सोबत एफएन ही कळ धरावी लागते, कारण वरची रांग कंपन्यांनी आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी राखून ठेवली आहे.