डेटाबेसमधील दीर्घ मराठी मजकुराचे संक्षेपण : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्रंथालयाच्या संगणकीकृत सूचीत ग्रंथाचे शीर्षक दीर्घ असू शकते. पडद्यावरील अथवा अहवालातील रकाना मात्र मर्यादित असतो. म्हणून क्वेरीच्या उत्तरातील मजकूर ठरावीक लांबीवर तोडून दाखविला जातो. मराठीत असे करताना लांबी नेमकी कशाने मोजली जाते, हे जाणणे अगत्याचे आहे.

मोजमापाची तीन एकके :
युनिकोडमध्ये ‘मानवी’ हा शब्द म, काना, न, व आणि दुसरी वेलांटी अशा ५ संकेतांनी बनतो. युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेतास ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १५ बाइट. वाचकास मात्र मा-न-वी ही ३ अक्षरेच दिसतात. मायएसक्यूएलमधील ‘लेफ्ट’ हे फंक्शन संकेत मोजते. पहिले ४ संकेत घेतल्यास ‘मानव’ हा निराळाच शब्द उरतो आणि तोही अर्थपूर्ण असल्याने चूक लक्षात येत नाही. ‘शिक्षण’ या शब्दाचे ४ संकेत घेतल्यास ‘शिक्’ असा पाय मोडलेला तुकडा हाती येतो.

अनेक नोंदी जोडणाऱ्या ‘ग्रुप कन्कॅट’ फंक्शनची मायएसक्यूएलमधील मूळ मर्यादा १०२४ बाइट आहे. तीत देवनागरीचे जेमतेम ३४१ संकेत मावतात; म्हणून मराठी याद्यांसाठी ही मर्यादा वाढवून घ्यावी लागते.

उपाय :
मराठीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली जाते. तिचाच आधार घेऊन ‘सबस्ट्रिंग इंडेक्स’ या फंक्शनने पहिले ६ शब्द घेता येतात. रुंदी थोडी कमी-अधिक होते. परंतु शब्द अभंग राहतो. मजकूर खरोखरच तोडला गेला असेल तरच पुढे तीन टिंबे द्यावीत. त्यासाठी ‘केस’ विधानात मूळ व संक्षिप्त मजकुराची तुलना करावी.

संक्षिप्त मजकुरावर गट पाडणे वा मोजणी करणे मात्र सर्वथा टाळावे. खंडक्रमांक शीर्षकाच्या शेवटी असतो. तो तुटला की एकाच ग्रंथाचे दोन खंड एकच नोंद म्हणून मोजले जातात. गट पाडणे व मोजणी ग्रंथाच्या नोंदणी क्रमांकावरच आधारावी.

निष्कर्ष :
संक्षेपण ही केवळ सादरीकरणाची सोय आहे. मूळ मजकूर पूर्ण साठवावा आणि तो केवळ दाखविताना, शब्दाच्या सीमेवरच तोडावा. असे केल्यास रकाना आटोपशीर राहतो आणि अर्थही अबाधित राहतो.