काडीमोड, फारकत आणि उसनी अब्रू

संसार मोडलेल्या बाईचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या समाजापुढे फारसा नव्हता. तो आपण शिकलो तेव्हा आला. हे विधान काहींना खटकेल, म्हणून आधी खुलासा करते.

महारांत, मांगांत आणि इतर अनेक कष्टकरी जातींत काडीमोड होती. पटले नाही तर पंचांसमोर काडी मोडून दोघे मोकळे होत आणि बाई पुढे पाट लावू शके. माझ्या आजीने पहिला नवरा असाच सोडला होता. ते सांगताना तिचा आवाज कधी खाली गेला नाही. या रूढीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंच पुरुषच असत, दंड भरावा लागे आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. तरीही संसार मोडला म्हणून माणूस मोडीत निघाले, असे कोणी समजत नव्हते. हिंदू कोड बिलावरच्या १९४९ च्या चर्चेत बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा पुढे केला होता. शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या बहुसंख्यांत घटस्फोटाची रूढी आहेच. मग थोड्यांचा अतूट विवाह सर्वांवर का लादायचा? १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. घटस्फोटाचा हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आला. आणि तो हक्क कागदावर आल्यानंतरच्या पिढ्यांत आपला शिकलेला वर्ग उलट दिशेला चालू लागला. पदवी, नोकरी, ब्लॉकमधले घर यांच्याबरोबर त्याने वरच्या जातींची अब्रूही उसनी आणली. या उसन्या अब्रूचे व्याज किती जाते, ते मला येथे मांडायचे आहे.

मी घरातली पहिली पदवीधर. २०२१ साली माझा घटस्फोट झाला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात एका विनाअनुदानित महाविद्यालयातली माझी पूर्ण वेळ नोकरी गेली. "उद्यापासून येऊ नका," एवढेच तोंडी सांगण्यात आले. घरी मामा बसले होते. ते म्हणाले, "आधी झालं तेवढं पुरे. आता कोर्टकचेरी करून गावभर करू नकोस." मामा वाईट माणूस नाही. पहिल्या घटनेची लाज दुसऱ्या घटनेला चिकटते, हे त्यांच्या बोलण्यावरून मला उमगले. नवऱ्याने टाकली, आता संस्थेनेही टाकली, असा तो हिशेब असतो. शिवाय आपल्याकडे एका पगारावर एकच घर चालत नाही. धाकट्या भावाची फी, वडिलांचे औषध, गावाकडच्या घराचे पत्रे असे सगळे त्याच पगारातून निघते. पगार बंद झाला की पाच माणसांपुढे एकदम उत्तर द्यावे लागते, म्हणून शिकलेली माणसे महिना-महिना सांगतच नाहीत. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारे, पण नोकरी गेलेले शिक्षक मी पाहिले आहेत.

आणि हा महिनाच नेमका महत्त्वाचा असतो. शिक्षक हा कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. त्यामुळे कामगार न्यायालयाचे दार आपल्याला बंद आहे. मात्र आपल्यासाठी वेगळी न्यायाधिकरणे आहेत. खाजगी शाळांसाठी १९७७ च्या कायद्यानुसार, महाविद्यालयांसाठी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार. दोन्हीकडे अपिलाची मुदत तीस दिवसांची. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला सबळ कारण दाखवावे लागते. लाज वाटत होती, हे कारण तेथे चालेल असे मला वाटत नाही.

तोंडी काढून टाकण्यामागे संस्थांचा धूर्तपणा असतो. आदेशच नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार? म्हणून त्याच दिवशी पत्र लिहावे: अमुक तारखेला मला कामावर येऊ नका असे सांगण्यात आले, मी काम करण्यास तयार आहे, लेखी आदेश द्यावा. पत्र टपालाने पोचपावतीसह पाठवावे. उत्तर येत नाही. पण तारीख कागदावर बसते. नेमणुकीचे पत्र नसेल तर परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे आदेश, हजेरीपत्रकाची प्रत, पगार जमा झालेले बँकेचे पासबुक, विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभाची पत्रिकासुद्धा जपून ठेवावी. मी सव्विसाव्या दिवशी अपील दाखल केले. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. थकलेला पगार मिळाला, नोकरी मिळाली नाही. तासिका तत्त्वावरच्या बांधवांना मात्र हेही बळ नाही, कारण त्यांच्या नेमणुकीचा कागद सत्राबरोबरच संपतो. आज मीही त्यांच्यातलीच आहे. हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. तो संघटनेचा आहे.

आता घटस्फोटाकडे वळू. आपल्या वस्त्यांतून आजही स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून, नोटरीचा शिक्का मारून लोक मोकळे होतात. काडीमोडीचेच ते नवे रूप. पण पंचांचा काळ गेला, हे लक्षात घ्यावे लागेल. बौद्धांनाही हिंदू विवाह कायदाच लागू होतो. (हे अनेकांना सलते आणि ते रास्त आहे.) त्या कायद्याने रूढीचा घटस्फोट नाकारलेला नाही, परंतु आपल्या समाजात अशी रूढी आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. तो पुरावा कोण गोळा करणार? दरम्यान त्या स्टॅम्पपेपरच्या भरवशावर दुसरे लग्न होते, आणि पंधरा वर्षांनी नवरा वारला की पेन्शनसाठी दोन बायका कचेरीच्या दारात उभ्या राहतात. फारकत लिहून देणाऱ्याला त्याचे पैसे मिळून गेलेले असतात.

परस्पर संमतीचा घटस्फोट ही १९७६ च्या दुरुस्तीने आलेली सोय आहे. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, पण समेटाची आशाच उरली नसेल तर न्यायालय ही अट शिथिल करू शकते, हे २०१७ पासून स्पष्ट झाले आहे. वकिलाचे पैसे कोठून आणायचे, असे मला विद्यार्थिनी विचारतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या कोणाही व्यक्तीला आणि कोणाही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. उत्पन्नाची अट त्यांना नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. आपले कार्यकर्ते मोर्चाला परवानगी कोठे मिळते ते झोपेत सांगतील, पण हे दार त्यांतल्या थोड्यांनीच उघडून पाहिलेले आहे.

पोटगीबाबत शिकलेल्या बाईला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: एम. ए. झालीस ना, मग कमव की. कमावण्याची पात्रता वेगळी आणि प्रत्यक्ष कमाई वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असेही २०२० साली सांगितले. पण दोन्ही संकटे एकत्र येतात तेव्हाचा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. परिस्थिती बदलली तर पोटगीची रक्कम बदलून मागता येते. नोकरी गेलेली बाई वाढवून मागू शकते. नोकरी गेलेल्या पुरुषानेही अर्जच करावा. नुसते पैसे देणे बंद केले तर थकबाकी चढत जाते आणि तुरुंगाची पाळी येते. आपल्यातले कितीतरी कंत्राटी तरुण याच खड्ड्यात पडतात.

घराचे सांगायला हवे. भाड्याची खोली शोधताना दोन प्रश्न ठरलेले असतात. आडनाव काय, आणि मिस्टर काय करतात? पहिल्याचे उत्तर देण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. दुसऱ्याने मात्र आपल्याच लोकांच्या सोसायटीतही दार बंद होते. मला खोली मिळाली ती एका धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या घरात. त्यांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. पुढचे आठ महिने सकाळी शिकवण्या आणि दुपारी परीक्षेच्या नोट्स टंकून देणे, यावर निघाले.

येथे बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या एका कालखंडाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलले, ही कथा आपण दरवर्षी सांगतो. त्यानंतरचे एक वर्ष आपण सांगत नाही. हाताशी आलेली नोकरी सोडून ते मुंबईला परतले. त्यांनी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. परदेशी पदव्यांचा माणूस घरोघरी शिकवण्या करतो, यात आपल्याला सांगण्यासारखे काही वाटत नाही, कारण आपण फक्त अपमान आणि विजय एवढेच लक्षात ठेवतो. मधल्या महिन्यांचे भाडे कसे भरले, हे कोणी विचारत नाही.

कागदपत्रांचा एक मुद्दा राहिला आणि तो आयांसाठी आहे. घटस्फोटाने बाईची जात बदलत नाही, ती जन्माची. आपले प्रमाणपत्र बापाच्या नावावर पूर्वीसारखेच चालते. पण मुलांच्या प्रमाणपत्राला बापाकडचे पुरावे मागतात, आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, असे काहीतरी. बोलणे पुरते तुटण्याआधी हे कागद मागून घ्यावेत. मी मुलीसाठी ते मागायला सासरी गेले, तेव्हा नवरा समोर आला नाही. सासूबाईंनी ट्रंक उघडली, पिवळा पडलेला कागद काढला आणि झेरॉक्स काढायला माझ्याबरोबर चौकापर्यंत चालत आल्या. पैसेही त्यांनीच दिले. वाटेत म्हणाल्या, त्यांच्या आईचाही पाटच होता.