सात सीटची गाडी घेताय? आधी घाट आठवा!

शोरूममधली गाडी रिकामी असते आणि टेस्ट ड्राइव्हला फार तर तिघं बसतात. मंडळी, ७ सीटच्या गाडीची खरी परीक्षा होते ती गणपतीत गावी जाताना. सात माणसं, बॅगा, एसी चालू आणि समोर आंबा घाट!

रेनॉ ट्रायबर ४ मीटरच्या आत बसते, स्वस्त पडते, पार्किंगलाही सोपी. पण तिचं १ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ९६ एनएम टॉर्क देतं. टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ, चढावर कामाला येते ती हीच. मारुती एर्टिगाचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन सुमारे १३७ एनएम देतं. किआ कॅरेन्सचं डिझेल थेट २५०, तेही १५०० आरपीएमपासून. त्यामुळे भरलेल्या गाडीत सारखा गिअर पाडावा लागत नाही.

मग डिझेलच घ्यायचं? गाडी रोज शाळा आणि भाजी मंडईपुरतीच निघत असेल तर नको. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावरचा सलग प्रवास लागतो, नाहीतर फिल्टर चोंदतो आणि खर्च दणदणीत येतो.

सीएनजी खिशाला बरा, पण एर्टिगात टाकी डिकीत येते. सातही सीट वापरात असताना तिथे मुळात जागा २०९ लिटर. (ट्रायबरमध्ये तर ८४च!) म्हणजे बॅगा टपावर.

टेस्ट ड्राइव्हला घरची सगळी माणसं न्या आणि एखादा चढ बघून घ्या. सेल्समन कुरकुरला तर कुरकुरू दे.