नीलगायीच्या पोटातले बिऱ्हाड

दोंडाईच्याहून उत्तरेला तापी ओलांडलीत की पुढे सातपुडा. तिथली नीलगाय वाळकं गवत पचवते, ते काही एकटीच्या बळावर नव्हे. आपल्या गाईम्हशींप्रमाणेच तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जिवाणूंच्या जोडीला केसाळ अंगाचे सूक्ष्म आदिजीव नांदतात, थेंबाथेंबात हजारो! रवंथ करणाऱ्या जनावरांत ते ग्रुबी आणि देलाफों यांनी १८४३ साली पाहिले. पाडसाला ते आईच्या लाळेतून मिळतात. बरे, यांच्यावाचूनही जनावर जगते. मग यांचे काम काय? दाण्यातले पिठूळ कण हे गिळून ठेवतात, म्हणून पोटातले आंबणे हळू चालते. पण तुम्ही दयेपोटी ज्वारीची पाटीच पुढे ओतलीत, तर आंबटपणा एकदम चढतो. आधी आदिजीव मरतात, मग जनावर आडवे पडते.