निवासमंडपाचा पडदा

गुड फ्रायडेच्या कथेत येशूने प्राण सोडताच जेरुसलेमच्या मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. सातारा-सांगलीच्या चर्चमध्ये वाढलेल्यांना ही कथा पाठ असते, पण हा पडदा मुळात कसला, ते निर्गमच्या पुस्तकात पाहावं लागतं.

वाळवंटात इस्राएली लोकांचं देऊळ म्हणजे एक तंबू, निवासमंडप. भोवती शंभर हात लांब, पन्नास हात रुंद अंगण आणि दार पूर्वेला. आत शिरल्यावर आधी होमवेदी, मग हातपाय धुण्याचं पितळी गंगाळ, मग पवित्रस्थानात सात दिव्यांचा दीपवृक्ष, भाकरींचं मेज आणि धूपवेदी. शेवटी करूब, म्हणजे पंखधारी देवदूत, विणलेला पडदा. त्यामागे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी. तिथे फक्त महायाजक जायचा, तेही वर्षातून एकाच दिवशी, बळीचं रक्त घेऊन.

इब्री लोकांस पत्र (माझ्या मते नव्या करारातलं सगळ्यात दुर्लक्षित पुस्तक) या मांडणीला येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतं: येशूच महायाजक, येशूच बळी. वल्हांडण सणाला बळी द्यायच्या कोकराचं हाड मोडायचं नाही हा नियम शुभवर्तमानकार योहान थेट क्रुसाशी जोडतो. यहुदी परंपरेला हा अर्थ अर्थातच मान्य नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही वल्हांडण पाळतात ते मिसरमधल्या सुटकेची आठवण म्हणूनच.

१९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू करणारे रेव्हरंड ना. वा. टिळक तर इब्री लोकांस पत्राच्याही पुढे गेले. त्यांना ख्रिस्ताकडे नेणारी वाट तुकोबांच्या अभंगांतही दिसली.