नुनो फेल्टिंग : स्कार्फसाठी कोणतं रेशीम घ्यायचं? एक फुंकर मारून कसं ओळखाल?

लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की तो आटतो, जाड होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घरात ही चूक झाली की बोलणी बसतात. पण याच चुकीचा नीट वापर करून जगभरात सुंदर स्कार्फ बनवले जातात. या तंत्राचं नाव आहे नुनो फेल्टिंग.

सोशल मीडियावर त्याचे व्हिडिओ पाहून अनेकजण मेरिनो लोकर मागवतात, घरातलं एखादं रेशमी कापड काढतात आणि कामाला लागतात. दोन-तीन तास घासूनही लोकर कापडाला चिकटतच नाही, वाळल्यावर सालासारखी सुटून येते. बहुतेक वेळा लोकर किंवा साबण चुकलेला नसतो. चुकलेलं असतं ते कापड.

नुनो फेल्टिंग म्हणजे नेमकं काय?

'नुनो' या जपानी शब्दाचा अर्थ कापड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या कलाकार पॉली स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकारी साचिको कोटाका यांनी हे तंत्र विकसित केलं. नुसत्या लोकरीचं फेल्ट जाड आणि जड होतं. पातळ रेशमावर लोकरीचा हलका थर दिला, तर गळ्याभोवती सहज पडेल असं मऊ कापड मिळतं.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. कोमट साबणाचं पाणी आणि घासणं, यामुळे हे तंतू सरकू लागतात. ते रेशमाच्या विणीतल्या फटींमधून पलीकडे जातात आणि तिथे एकमेकांत अडकतात. मग लोकर आटते, रेशीम मात्र आटत नाही. त्यामुळे रेशमाला चुण्या पडतात. नुनो स्कार्फची ओळख असलेला सुरकुतलेला पोत असा तयार होतो.

म्हणजे सगळा खेळ विणीतल्या फटींचा आहे. फट नसेल तर तंतू पलीकडे जाणार कसा?

'मॉमी' हा आकडा काय सांगतो?

रेशमाचं वजन 'मॉमी' या एककात मोजतात. ऑनलाइन खरेदीत रेशमापुढे '५ एमएम' असं लिहिलेलं दिसतं, ते मिलिमीटर नव्हे, मॉमी. १ मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. नवशिक्यांनी साधारण ८ मॉमीच्या आतलं कापड घ्यावं. पण फक्त आकड्यावर जाऊ नये, वीणही पाहावी.

कोणतं रेशीम चालतं, कोणतं नाही?

- मर्गिलान : उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहराच्या नावाने ओळखलं जाणारं जाळीदार रेशीम. वजन साधारण ४ मॉमी. लोकर पटकन धरते.
- शिफॉन : ६ ते ८ मॉमी. पिळदार धागा आणि मोकळी वीण. पहिल्या स्कार्फसाठी उत्तम.
- हाबोताई : ५ मॉमीचं चालतं. ८ मॉमीचं घट्ट विणीचं असल्याने जास्त वेळ आणि मेहनत घेतं.
- ऑर्गन्झा : वीण मोकळी, पण रेशमाचा नैसर्गिक डिंक न काढल्याने कापड कडक असतं. सवय झाल्यावर वापरावं.
- जॉर्जेट : हलकं असेल तर चालतं, जाड असेल तर दमवतं.
- सॅटिन, जड क्रेप, पैठणीसारखं घट्ट विणलेलं रेशीम : टाळावं. तंतूंना वाटच मिळत नाही.

दुकानात कसं तपासायचं?

कापड ओठांसमोर धरून फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा सहज लागली, तर लोकरीलाही वाट आहे. हवा अडली तर कापड परत ठेवा.

दुसरा प्रश्न खरेपणाचा. बाजारात 'आर्ट सिल्क' नावाने मिळणारं कापड रेशीम नसतं, ते कृत्रिम धाग्याचं असतं. खात्रीसाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारातून आलेलं 'सिल्क मार्क' लेबल पाहा. लेबल नसेल तर कडेचा एखादा धागा चिमट्यात धरून जाळून बघा. रेशमाला जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

आईची जुनी शिफॉन साडी वापरायची असेल, तर आधी कापड विरलेलं नाही ना, हे हलकं ताणून पाहा. गडद रंग असेल तर कोपरा साबणाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग सुटत असेल तर तो लोकरीवरही उतरेल.

किती कापड लागेल?

आधी २० बाय २० सेंटीमीटरचा नमुना करा. तो आटून १४ सेंटीमीटर झाला, तर आटण ३० टक्के. मग हव्या त्या मापाला ०.७ ने भागा. १५० बाय २५ सेंटीमीटरच्या स्कार्फसाठी साधारण २१४ बाय ३६ सेंटीमीटर रेशीम लागेल. ५ मॉमीचं असेल तर त्याचं वजन भरेल जेमतेम १७ ग्रॅम.

नमुन्यासाठी तासभर जातो, पण तो वाचवू नका. लोकर एकदा आटली की ती उलगडता येत नाही. आईची साडी असेल, तर तीही परत मिळत नाही. त्यामुळे कापड ठरवायचं ते पाण्याचा पहिला थेंब पडण्याआधी.